वाचलें, पण समजलें काय?

मूल ‘वाचूं लागलें’ असें आपण केव्हां म्हणतों? आमच्या मध्यमवर्गीय घरांतून ह्या प्रश्नाचें उत्तर ठरलेलें आहे. संध्याकाळीं मुलगा पाठ्यपुस्तक घेऊन बसतो, न अडखळतां एक पान म्हणून दाखवितो, आणि वडील हातांतील मोबाईलवरची नजर न काढतां म्हणतात, ‘छान! आतां जोड्या लाव.’ तो जोड्याही लावतो. ह्या सर्व विधींत वाचन मुळीं घडलेंच नसण्याचा संभव आहे, अशी शंका आम्हांस बरेच दिवस होती. गतवर्षीं पेण व रोहा ह्या दोन तालुक्यांतील प्राथमिक शाळांत कांहीं दिवस जाऊन बसण्याचा योग आला, आणि शंकेची खात्री झाली.

प्रथम धड्याखालील प्रश्नांविषयीं. पुढील वाक्य पाहावें: ‘सांजवेळीं झिंगुळा मोगरफळींत ठिपकला आणि त्यानें तीन लोंबरें गिळपटलीं.’ आतां उत्तरें द्यावीं. झिंगुळा कोठें ठिपकला? त्यानें किती लोंबरें गिळपटलीं? वाचकांपैकीं कोणासही पैकींच्या पैकीं गुण मिळतील. झिंगुळा हा पक्षी कीं मनुष्य, हें मात्र आम्हांसही ठाऊक नाहीं, आणि वाक्य तर आम्हींच रचलें आहे! ‘एका वाक्यांत उत्तरें लिहा’, ‘रिकाम्या जागा भरा’ ह्या प्रकारांनीं पिढ्यान् पिढ्या हेंच मोजलें: प्रश्नांतला शब्द धड्यांत शोधावा, त्याच्या शेजारचा शब्द उचलावा. बालभारतीच्या अलीकडील पुस्तकांतून मुलास स्वतःच्या शब्दांत बोलावयास लावणारे प्रश्न आले आहेत, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. परंतु त्यांचींही तयार उत्तरें बाजारांतील मार्गदर्शकांत मिळतात. ‘तुम्हांला काय वाटतें?’ ह्या प्रश्नाचें उत्तर फळ्यावरून उतरवून घेणारा एक वर्ग आम्हीं पाहिला आहे. त्या वर्गांतील यच्चयावत् मुलांना एकच गोष्ट, एकाच शब्दांत, वाटत होती.

ह्या भ्रमास आमची लिपीही हातभार लावते. इंग्रजीचें स्पेलिंग इतकें लहरी आहे कीं, अनोळखी शब्दापाशीं मूल थबकतें आणि त्याची अडचण ऐकणाऱ्यास तत्काळ कळते. देवनागरींत बहुतांशीं लिहिल्याप्रमाणें उच्चार होतो. जोडाक्षरें एकदां साधलीं कीं ‘स्थितप्रज्ञ’ हा शब्दही आठ वर्षांचें मूल खणखणीत म्हणून दाखवितें. लिपीचा हा गुण मोठाच. पण त्यामुळें अज्ञान आवाजाच्या आड दडून बसतें.

‘प्रथम’ ह्या संस्थेच्या पुढाकारानें ‘असर’ ही पाहणी २००५ पासून होत आली आहे. तिच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणें ग्रामीण भारतांतील पांचवीच्या मुलांपैकीं निम्म्याहून किंचित् कमी मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचतां आला. ह्यावर वर्तमानपत्रें हळहळलीं, तें योग्यच झालें. तथापि त्या पाहणीची मुख्य कसोटी मूल मजकूर मोठ्यानें व ओघानें वाचतें कीं नाहीं एवढेंच पाहते. कसोटीस उतरलेलीं मुलें समजून वाचतात, असा दाखला तिनें कोणास दिलेला नाहीं. आमची चिंता ह्या उतरलेल्या निम्म्यांविषयीं अधिक आहे. कारण त्यांची चिंता कोणीच करीत नाहीं. सरकारच्या २०२१ च्या ‘निपुण भारत’ योजनेच्या तर नांवांतच समजून वाचण्याचा उच्चार आहे. पण मिनिटास शब्द किती, हें घड्याळ लावून मोजणें सोपें, समज मोजणें कठिण, आणि जें सोपें तेंच आधीं मोजलें जातें.

वाचतां आलें कीं समज आपोआप मागून येईल, हा आमच्या शिक्षणांतला सर्वांत जुना विश्वास आहे. आणि तो केवळ आमचाच नव्हे. डोलोरेस डर्किन ह्या अमेरिकन विदुषीनें १९७० च्या दशकाच्या अखेरीस शाळांतून बसून ४,४६९ मिनिटांचें वाचनाचें अध्यापन टिपलें. त्यांतून प्रत्यक्ष आकलन शिकविण्यांत गेलीं तीं अवघीं २० मिनिटें! प्रश्न विचारणें भरपूर होतें. पण विचारणें म्हणजे परीक्षा घेणें, शिकविणें नव्हे. आमच्याकडेही निराळें नाहीं. यादगीर येथें कानडीच्या व वाडें येथें मराठीच्या वर्गांत मुलांच्या मागें तीन वर्षें राहून जो अभ्यास झाला, त्याचा २०१७ सालचा अहवालही हेंच सांगतो: वर्गाचा वेळ अक्षरांनीं खाल्ला, अर्थाच्या वांट्यास फारसें कांहीं आलें नाहीं.

मग शिकवावयाचें तें काय? एक वाक्य घेऊं. ‘आईनें दोन्ही भाकरी मुलांना वाढल्या आणि स्वतः तांब्याभर पाणी प्यायली.’ घरांत अन्न कमी होतें, हें येथें कोठेंही लिहिलेलें नाहीं. पण तें ज्यास दिसलें नाहीं त्यानें हें वाक्य वाचलें असें आम्ही म्हणणार नाहीं. जाणता वाचक येथें नकळत थांबतो. लहान मुलास हें थांबणें दिसत नाहीं, कारण तें डोक्याच्या आंत घडतें. शिक्षिकेनें वाचतां वाचतां मध्येंच थबकून, ‘अरेच्चा, आई कां बरें जेवली नाहीं?’ असें उघड म्हटलें, तर मुलांना वाचकाच्या मनाचें काम डोळ्यांदेखत दिसतें. पुढें तेंच काम त्यांच्यावर सोंपवावें. पॅलिन्स्कर व ब्राऊन ह्या दोघींनीं १९८४ त ह्याच जातीची एक रीत प्रयोगानें सिद्ध केली: मुलेंच आळीपाळीनें शिक्षक होतात, पुढें काय येईल ह्याचा तर्क करतात, प्रश्न काढतात, अडलेलें सोडवितात आणि वाचलेलें थोडक्यांत सांगतात. ह्यास पैसा लागत नाहीं; वेळ लागतो, आणि अभ्यासक्रम ‘संपविण्याची’ घाई सोडावी लागते. ही दुसरी गोष्ट पैशाहून दुर्मिळ आहे.

आतां आमच्या अनुभवाकडे वळतों. दोन्ही ठिकाणीं चौथीच्या वर्गांत देण्यासाठीं आम्हीं दोन छोटे उतारे स्वतः लिहून नेले होते. एक मिठागरांत काम करणाऱ्या माणसाचा, दुसरा कारखान्यांत तिसऱ्या पाळीस जाणाऱ्याचा. पेणची शाळा खारेपाटांतली. मिठागरें तिकडे आतां पुष्कळ कमी झालीं, तरी घरोघरीं त्यांची आठवण आहे. रोह्याच्या शाळेंत धाटावच्या औद्योगिक वसाहतींत काम करणाऱ्यांचीं मुलें बरीच होतीं. रोह्याचीं मुलें अधिक सफाईनें वाचीत. परंतु ‘बाबा सकाळीं घरीं आले आणि पडदे ओढून झोपले’ ह्या वाक्यावर पेणच्या बहुतेक मुलांनीं बाबांना आजारी पाडलें; रोह्याच्या मुलांना त्यांत विचारण्यासारखेंच कांहीं दिसेना. मिठागराच्या उताऱ्याची गोष्ट उलट झाली. ‘कोंडी’ म्हणजे स्वयंपाकाचें भांडें असावें असा रोह्याच्या एका हुशार मुलाचा तर्क होता, आणि त्या तर्कासकट त्यानें पांचही प्रश्नांचीं उत्तरें अचूक लिहिलीं!

रेक्ट व लेस्ली ह्या संशोधकांनीं १९८८ मध्यें बेसबॉलच्या खेळावरील उतारा देऊन हेंच दाखविलें होतें: खेळ जाणणारीं कच्चीं मुलें, खेळ न जाणणाऱ्या पक्क्या वाचकांहून अधिक समजलीं. आकलन ही कोठल्याही मजकुरावर सारखीच चालणारी हातोटी नव्हे. जगाची जितकी ओळख, तितकें वाचन खोल. तेव्हां भूगोल, परिसर, गोष्टी ह्यांचे तास कापून ‘वाचनाचा सराव’ वाढविणें म्हणजे झाडाचीं मुळें तोडून शेंड्यास पाणी घालणें होय. आणि पेणच्या डोंगरपट्टींतील वाडीवरचें कातकरी मूल, जें घरीं निराळी बोली बोलतें आणि हंगामांत आईबापांबरोबर वीटभट्टीवर जातें, त्याच्या ओळखीचें जग पाठ्यपुस्तकांत किती पानांवर येतें? ‘ह्या मुलांना समजत नाहीं’ असें म्हणण्यापूर्वीं हा हिशेब कोणीं मांडल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं.

हा केवळ शाळेंतील गुणांचा प्रश्न असता तर आम्ही इतकी शाई खर्च केली नसती. सप्टेंबर २००८ मध्यें पेण तालुक्यांतील २२ गांवांच्या शेतकऱ्यांना, विशेष आर्थिक क्षेत्रासाठीं जमिनी द्यावयाच्या कीं नाहींत, ह्यावर मत देण्याचा प्रसंग आला. तेव्हां चालू असलेल्या १८९४ च्या कायद्यान्वयें भूसंपादनाच्या सूचनेवर हरकत घेण्यास ३० दिवसांची मुदत असे. अशी सूचना मोठ्यानें वाचून दाखविणारा कोणीही सांपडेल. तिच्यांत काय लिहिलें आहे, आणि काय लिहिलेलें नाहीं, हें सांगणारा हवा असतो. ह्याच तालुक्यांतील गागोदें हें विनोबांचें जन्मस्थान. त्यांच्या मातुःश्रींना गीता समजून घ्यावयाची होती. संस्कृत येत नव्हतें, मराठी भाषांतरही अवघड वाटे, म्हणून तूंच ती सोपी करून लिही, असें त्यांनीं मुलास सांगितलें. १९३२ मध्यें ‘गीताई’ प्रसिद्ध झाली, तेव्हां त्या हयात नव्हत्या. आपल्याला समजलें नाहीं, हें ओळखणें व तसें मोकळेपणीं म्हणणें, हें त्या माउलीस जमलें. आमच्या वर्गांत तसें म्हणणारें मूल ‘ढ’ ठरतें.

पेणच्या त्या वर्गांत एक मुलगी होती. अडखळत वाचणारी, शिक्षकांनीं आम्हांस आधींच सांगून ठेविलें होतें, ‘हिच्याकडून फार अपेक्षा करूं नका.’ मिठागराच्या उताऱ्यावरील पांचपैकीं दोन उत्तरें तिनें रिकामीं सोडलीं. वर्ग सुटल्यावर ती आमच्यापाशीं आली आणि बराच वेळ कागदाशीं चाळा करीत उभी राहिली. मग म्हणाली, ‘सर, हा माणूस श्रावणांत मीठ गोळा करतो, असं लिवलंय. पण पावसांत मिठागर बंद असतं ना? आमचा आजा पावसांत घरींच बसायचा.’ उतारा आमचाच होता. श्रावण आम्हीं केवळ शब्द गोड म्हणून घातला होता. आणि दोन शाळांतील सत्तरांवर मुलांनीं, त्यांच्या शिक्षकांनीं व आम्हीं तो तसाच वाचला होता.