पासष्ट टक्क्यांनंतर उरलेलं पाणी

औद्योगिक सांडपाण्यावरची विनॉक्सी प्रक्रिया, म्हणजे आपण ज्याला ॲनेरोबिक म्हणतो, ती सुधारायची कशी, हा आजचा विषय. पण त्याआधी एक तक्रार करतो. ‘सुधारणा’ कशाला म्हणायचं, हेच आपण नीट ठरवलेलं नाही.

उदाहरण मळीवर चालणाऱ्या डिस्टिलरीचं घेऊ. महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्यात राहणाऱ्याला ते वेगळं सांगायला नको. मळी आंबवून तिच्यातून अल्कोहोल काढलं की खाली उरतं ते स्पेंट वॉश. गडद तपकिरी, गरम, आंबट. लिटरभर अल्कोहोलमागे साधारण 8 ते 15 लिटर. त्याचा सीओडी, म्हणजे त्यातल्या सेंद्रिय पदार्थांचं ऑक्सिडीकरण व्हायला किती ऑक्सिजन लागेल ते माप, लिटरला एक लाख मिलिग्रॅमच्या आसपास असतो.

असं पाणी हवा फुंकून साफ करायचं म्हटलं तर विजेचं बिल परवडणार नाही. म्हणून डायजेस्टर. तिथे एका गटाचे सूक्ष्मजीव आम्लं तयार करतात, दुसऱ्या गटाचे त्यातून मिथेन काढतात. वीज थोडी लागते, वर इंधन मिळतं. तंत्र उत्तमच आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

आता प्रकल्प अहवाल उघडा. पहिल्याच पानावर असतं: ‘सीओडी घट 65 टक्के.’ परीक्षेत 65 टक्के म्हणजे पहिला वर्ग! पण हिशेब करून बघू. रोज 60 हजार लिटर अल्कोहोल काढणारी डिस्टिलरी धरा. लिटरमागे 10 लिटर स्पेंट वॉश, म्हणजे रोजचं सहा लाख लिटर. त्यात सीओडी 60 टन. त्यातला 39 टन गेला, मिथेन मिळाला साधारण साडेतेरा हजार घनमीटर. छानच. आणि उरला किती? 21 टन. घरगुती सांडपाण्यात माणशी रोजचा सीओडी शंभरेक ग्रॅम धरला, तर हा भार दोन लाख वस्तीच्या शहराएवढा होतो. तोही ‘प्रक्रिया झाल्यावर’. अहवालात गॅसला चार पानं आणि या 21 टनांना एक परिच्छेद, ही माझी तक्रार आहे.

दुसरी गोष्ट. डायजेस्टरमध्ये जाण्याआधी स्पेंट वॉशमध्ये साधं पाणी मिसळलं की लिटरमागचा आकडा खाली येतो. भार मात्र किलोभरही कमी होत नाही. उलट पुढे हाताळायचं पाणी वाढतं. म्हणून मिलिग्रॅम वाचून समाधान मानू नका. रोजचे किलो विचारा.

मग खरी सुधारणा कुठे आहे? बहुतेकदा नव्या टाकीत नसते, रोजच्या शिस्तीत असते. मिथेन करणारे सूक्ष्मजीव हळू वाढतात आणि त्यांना साधारण सात पीएच लागतो. एका पाळीत जास्त स्पेंट वॉश ढकललं की आम्लं साचतात आणि मिथेनवाले मागे पडतात. पीएच उतरलेला दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. त्याच्या आधी इशारा मिळतो तो बाष्पशील आम्लं आणि क्षारता यांच्या गुणोत्तरातून. ते 0.3–0.4 च्या वर सरकायला लागलं की फीड कमी करायचं. ही चाचणी साध्या प्रयोगशाळेत होते. महागड्या उपकरणांवर खर्च करणारे लोक ही चाचणी मात्र आठवड्यातून एकदा करतात, हे काही पटत नाही.

तिसरा मुद्दा सल्फेटचा. साखर तयार करताना वापरलेला गंधक मळीत उतरतो. आंबवताना गंधकाम्ल वापरलं तर त्यात भर. डायजेस्टरमध्ये सल्फेट खाणारे जिवाणू मिथेनवाल्यांच्या ताटातलं पळवतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. हा वायू जिवाणूंना मारक, इंजिनला गंज आणणारा आणि माणसाच्या जिवावर बेतणारा. जास्त प्रमाणात असला तर त्याचा वास येणंच बंद होतं, हे लक्षात ठेवा. गॅस स्क्रबरमध्ये धुणं हा शेवटचा उपाय झाला. पहिला उपाय आत येणारा गंधक कमी करणं. पण डिस्टिलरीचा विभाग वेगळा, सांडपाण्याचा वेगळा. दोघं एकत्र बसतात कधी?

आणि शेवटचं, रंग. तो तपकिरी रंग मेलॅनॉइडिनचा. जिवाणूंना तो फारसा पचत नाही. पोटॅशही जवळपास तसंच बाहेर येतं. म्हणून पुढे प्रेसमडबरोबर कंपोस्ट करायचं किंवा आटवून बॉयलरमध्ये जाळायचं. पण कंपोस्टचं आवार पावसाळ्यात चालत नाही. तेव्हा साठवणीचे तलाव भरतात, आणि तळ पक्का नसेल तर शेजारच्या विहिरीचं पाणी चहासारखं दिसायला लागतं. त्या विहिरीच्या मालकाला 65 टक्क्यांचं काय सांगणार?

तेव्हा उद्या कुणी तुमच्यासमोर ‘सुधारित’ डायजेस्टरचं सादरीकरण केलं, तर चार प्रश्न विचारा. रोज उरतं किती किलो? ते जुलै महिन्यात जातं कुठे? गंधक मुळात कमी करता येईल का? आणि आम्ल-क्षारतेची आजची नोंद दाखवता का? याची उत्तरं लगेच मिळाली, तर सुधारणा झाली असं खुशाल म्हणा. प्रश्नोत्तरं आता घेऊ.