डब्यात मावेल तेवढे गाव

मराठी प्रवासलेखनात एक उपप्रकार गेल्या काही वर्षांत चांगलाच फोफावला आहे. ‘अमुक गावी गेलात तर तमुक पदार्थ खाल्ल्यावाचून परतू नका’ हे त्याचे पालुपद. रविवारच्या पुरवण्यांत तो आहे, पर्यटनाच्या पुस्तकांत आहे, दिवाळी अंकांतही आहे. या लेखनात बेळगावच्या वाट्याला कुंदा येतो, धारवाडच्या वाट्याला पेढा, गोकाकच्या वाट्याला करदंट. इंदूरला पोहे-जिलेबी, बडोद्याला शेव-उसळ आणि हैदराबादला बिर्याणी. शाळेच्या भूगोलात जसे एका जिल्ह्याला एक पीक असे, तसा येथे एका गावाला एक पदार्थ. पीक तरी जमीन आणि पाऊस पाहून ठरे. हा पदार्थ कशावरून ठरतो, याचा विचार करण्याच्या भानगडीत हे लेखक सहसा पडत नाहीत.

या लेखनाकडे पानपूरक म्हणून दुर्लक्ष करावे असे कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या गावांविषयी पुण्या-मुंबईच्या वाचकाला जे काही वाचायला मिळते, त्यातला मोठा भाग आता याच लेखनाचा आहे. सीमाप्रश्नाची बातमी आणि कुंद्याचा लेख या दोहोंच्या मध्ये बेळगाव नावाचे एक नांदते गाव आहे, ही गोष्ट या दोन्ही प्रकारच्या मजकुरांतून निसटते. तेव्हा हे लेखन काय टिपते आणि काय गाळते, हे पाहणे समीक्षेच्या कक्षेबाहेरचे नाही.

आता वर दिलेली यादीच पाहा. कुंदा, पेढा, करदंट या तिघांत समान काय? तिन्ही गोड, तिन्ही चार-आठ दिवस सहज टिकणारे, तिन्ही पुठ्ठ्याच्या डब्यात बसणारे. गाडी सुटायला वीस मिनिटे असताना घेता येतील आणि घरी गेल्यावर शेजारी वाटता येतील असे. गावाचा ‘प्रसिद्ध पदार्थ’ हा पुष्कळदा त्या गावातला सर्वांत रुचकर किंवा सर्वांत जुना पदार्थ नसतो. तो प्रवासात तग धरणारा पदार्थ असतो. त्याची कीर्ती जिभेइतकीच डब्यावर आणि दोऱ्यावर उभी असते. मात्र नुसते टिकून भागत नाही. आमच्याकडची ज्वारीची कडक भाकरी महिनाभर टिकते आणि कुठेही नेता येते, पण अगदी अलीकडेपर्यंत तिला भेटवस्तूचा मान नव्हता. पाहुण्याला द्यायला गोड हवे आणि दिसायलाही जरा श्रीमंत हवे. प्रसिद्धीलाही जातपात असते, असे म्हणावेसे वाटते.

याची उलट बाजू पाहायची तर मांडे घ्यावेत. बेळगावात जन्मलेल्या कोणालाही विचारा, लग्नकार्याच्या पंगतीतला मान कुंद्याचा नव्हे, मांड्यांचा. कणीक तेलात अशी मळायची की ती ताणली तरी फाटू नये. आत पिठीसाखरेचे सारण. मग तो उंडा लाटून, हातांवर झेलत झेलत, पलीकडचे दिसेल इतका पातळ करायचा आणि तापलेल्या पालथ्या खापरावर टाकायचा. घडी घालायची ती गरम आहे तोवरच, कारण निवला की तो कुरकुरीत होतो आणि मग घडी पडत नाही, तुकडे पडतात. ज्या बायकांच्या हाताला हे वळण आहे त्यांना आजही लग्नसराईत उसंत नसते. आणि हा पदार्थ यादीत बहुधा नसतो, असलाच तर कुंद्याच्या शेपटाला. कारण साधे आहे. एसटीच्या एका खड्ड्यात त्याचा चुरा होतो.

मांडे काही कालचे नव्हेत. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात राजाच्या अन्नाचे जे वर्णन आहे, त्यात मंडक येतात. ती कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, बिदर जिल्ह्यातले. म्हणजे तेही आपल्यासारखे सीमेवरचेच गाव. खानदेशात मांडे आहेत, पण ते पुरणाचे, मऊ, आणि खापरावरचेच. एकाच नावाचे दोन पदार्थ मराठी मुलखाच्या दोन टोकांना उभे आहेत आणि दोघांमध्ये दुवा तेवढा खापराचा. एखाद्या लेखकाने हा धागा धरून धुळे-जळगावपासून बेळगावपर्यंत प्रवास केला असता तर केवढे पुस्तक झाले असते! आपल्याकडे ‘मनात मांडे खाणे’ हा वाक्प्रचार सगळ्यांना येतो. मांडे हातावर कसे वाढत जातात ते पाहिलेले लेखक मात्र मोजकेच निघतील.

येथे मला पदार्थांच्या जन्मकथांविषयी थोडे बोलायचे आहे, कारण या लेखनाचा अर्धा संसार अशा कथांवर चालतो. कुंद्याची कथा ठरलेली. कोणी एक आचारी दूध चुलीवर ठेवून विसरला, दूध आटून तांबूस झाले, आणि पाहतो तो काय, नवा पदार्थ! हीच कथा थोड्याफार फरकाने कितीतरी गावांत कितीतरी मिठायांविषयी सांगितली जाते. ती खरी की खोटी हा प्रश्न नाही. प्रश्न हा की ती आपल्याला काय सांगते. ती कौशल्य पुसून टाकते. खवा किती परतावा, तो खमंग होण्याच्या आणि करपण्याच्या मध्ये हात कुठे थांबवावा, हे तिच्यात नाही. तिच्यात आहे ती फक्त विसरभोळेपणाची गंमत.

तिच्या शेजारी मांड्यांची कथा ठेवा. मुक्ताबाईला मांडे करायचे होते. विसोबाने कुंभारांना धाक घातला आणि तिला खापर मिळू दिले नाही. तेव्हा ज्ञानेश्वरांनी आपली पाठ तापवली आणि तिने तीवर मांडे भाजले. ही कथा चमत्काराची आहे हे उघड आहे. पण तिच्या पोटात पदार्थाची सगळी कृती शाबूत आहे: मांड्याला तवा चालत नाही, खापर लागते, खापर कुंभाराकडून येते, आणि कुंभार अडला तर सणाचे ताट अडते. गावगाड्याची एक व्यवस्था, तिच्यातली सत्ता आणि तिच्यातले बहिष्काराचे हत्यार, हे सारे एका पदार्थाच्या निमित्ताने सांगितले गेले आहे. चांगले खाद्यलेखन म्हणजे काय, याचा याहून उत्तम नमुना मला सापडलेला नाही, आणि तो कोणा खाद्यलेखकाचा नाही.

जुन्या प्रवासवर्णनांत हे भान होते का? विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’ हाताशी घ्यावे. १८५७ च्या धामधुमीत वरसईहून उत्तरेकडे निघालेला हा भिक्षुक. पुस्तक छापून आले १९०७ साली. विष्णुभट काही चव घ्यायला निघाले नव्हते, दक्षिणा मिळवायला निघाले होते. पण ज्याला परमुलखात रोज कोठे आणि कोणाच्या हातचे जेवायला मिळेल ही चिंता वाहावी लागते, त्याच्या लेखनात अन्न आपोआप माणसांना चिकटून येते. आजच्या लेखकाला ती चिंता नाही, हे बरेच झाले. पण चिंतेबरोबर माणसेही गेली. उरले दुकान, आणि दुकानासमोरची रांग.

पु. ल. देशपांडे काही काळ बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात शिकवीत होते. त्यांचा ‘माझे खाद्यजीवन’ हा लेख खवय्यांच्या सर्वांत आवडता, आणि पुढच्या बहुतेक खाद्यलेखकांनी गिरवलेला कित्ताही तोच. गिरवणाऱ्यांना उत्साह आणि अतिशयोक्ती जमली, पण पदार्थातून माणूस उभा करणे जमले नाही. मला मात्र वाटते की या बाबतीत खरा धडा त्या लेखात नसून ‘गणगोत’मधल्या ‘रावसाहेबां’त आहे. पु. लं.नी बेळगाव महाराष्ट्रापुढे ठेवले ते एखादी मिठाई पुढे करून नव्हे, तर कानडी वळणाचे मराठी बोलणारा एक माणूस पुढे आणून. त्या बोलीची चव ज्याला कळली त्याला बेळगाव कळले. दुर्गाबाई भागवतांच्या ‘खमंग’चे मोल वेगळे. लोकसंस्कृतीची अभ्यासक स्वयंपाकघरात शिरली की पाककृतीला भूतकाळ कसा फुटतो, ते तेथे दिसते. या दोन वाटा मोकळ्या असताना आपले प्रवासलेखक तिसऱ्याच, म्हणजे ‘तोंडात टाकताच विरघळणाऱ्या’ वाटेने का गेले, हे कोडेच आहे. (हा ‘तोंडात टाकताच विरघळणारा’ शब्दसमूह काही वर्षे बंदीत टाकावा अशी माझी सूचना आहे. करदंटालाही तो लावलेला मी वाचला आहे. करदंट तोंडात विरघळू लागला तर गोकाकात दंगल होईल.)

करदंटाचेच घ्या. कन्नडमध्ये करदंट म्हणजे तळलेला डिंक. नाव फोडले की पदार्थ उलगडतो: तळून फुलवलेला डिंक, गूळ, सुकामेवा. म्हणजे आपल्या डिंकाच्या लाडवाचा हा सख्खा भाऊ, फक्त वळलेला नाही, थापून कापलेला. हे कळायला कन्नडचे दोन शब्द कानावर घ्यावे लागतात. महाराष्ट्रातून येणारा लेखक ते घेत नाही, आणि आपल्यातले काही ते मुद्दाम घेत नाहीत. सीमाभागात पदार्थ कोणाचा, हा वाद घालायला सगळे तयार असतात. पण ‘खानावळ’ हा शब्ददेखील दोन्ही भाषांत एकच आहे, हे कोण सांगणार? हुबळी-धारवाडकडच्या खानावळीत ज्वारीची भाकरी, एण्णेगाई म्हणजे आपली भरली वांगी, मोड आलेल्या कडधान्याची उसळ, शेंगदाण्याची चटणी आणि दही असे जे ताट येते, ते बेळगावच्या मराठी घरातल्या ताटाहून किती वेगळे आहे? तेवढ्या एका ताटावर या मुलखाविषयी लिहिता येईल. पण भाकरी डब्यात घालून पुण्याला नेत नाहीत, म्हणून ती यादीत नाही.

धारवाडचा पेढा तर ‘स्थानिक’ या शब्दाचीच परीक्षा पाहतो. प्लेगच्या भीतीने उत्तर प्रदेशातल्या उन्नावहून निघालेल्या ठाकूर कुटुंबाने तो धारवाडात आणला. आज त्याला भौगोलिक निर्देशांकाची सरकारी मोहोर आहे. उन्नावचा माणूस, धारवाडच्या गवळ्यांचे दूध, आणि त्या पेढ्यावर वाढलेली कानडी-मराठी मुले. असा हा ‘अस्सल स्थानिक’ पदार्थ. मला यात विसंगती दिसत नाही. गावाचा पदार्थ तो, जो त्या गावाने आपलासा केला. लेखकाने मोहोर सांगावी, पण स्थलांतरही सांगावे, एवढेच म्हणणे.

हेच उलट दिशेने इंदुरात झाले. पोहे तेथे होळकरांच्या काळातल्या मराठी माणसांबरोबर गेले असे सर्रास मानले जाते. पण ते तेथे गेले आणि बदलले. इंदुरी पोहे वाफेवर ठेवतात, त्यात बडीशेप असते, वरून जिरावण आणि शेव पडते, आणि सोबत जिलेबी. पुण्याच्या घरातल्या कांदेपोह्यांना लिंबू-खोबऱ्याची संगत, यांना गोडाची. महाराष्ट्रातला लेखक हे पोहे खाऊन त्यांचे कौतुक करतो, ते ‘काहीतरी वेगळेच’ म्हणून. आपलाच नातेवाईक परगावी भेटावा आणि आपण त्याला अनोळखी समजून नमस्कार करावा, तसा हा प्रकार. बडोद्याच्या शेव-उसळीचेही थोडेफार असेच. गायकवाडांच्या नगरीत आपली उसळ गुजराती शेवेला भेटली, वाटाण्याची झाली, तिखट तर्रीची झाली. तेथील मराठी घरे या उसळीकडे कोणत्या नजरेने पाहतात हे कोणी विचारले, तर तो लेख मी दोनदा वाचेन.

पदार्थाला वेळ असते, हेही या याद्यांना ठाऊक नसते. इंदूरच्या सराफ्यात दिवसा सोन्याचांदीची दुकाने चालतात आणि ती बंद झाल्यावर त्याच ओट्यांसमोर खाण्याची रात्र सुरू होते. तेथे दुपारी दोन वाजता जाणाऱ्याला अंगठी मिळेल, गराडू मिळणार नाही. आणि गराडू तरी थंडीतच. तेथे ‘शिकंजी’ मागितली तर लिंबाचे सरबत येत नाही, दाट दुधाचे पेय येते. गोव्यात सोमवारी किंवा श्रावणात कितीतरी हिंदू घरांत मासळी शिजत नाही. त्या दिवशी पाहुण्याने खतखत्याची चौकशी करावी. हे सारे ज्याने लिहिले, त्याने वाचकाला पदार्थाबरोबर गावाचे पंचांग दिले.

परगावी गेल्यावर काय खावे हा प्रश्न चुकीचा नाही. प्रवाशाला भूक असते आणि वेळ थोडा असतो. पण ‘इथे प्रसिद्ध काय?’ असे विचारले की उत्तर दुकानदार देतो. ‘आज घरी काय केले आहे?’ असे रिक्षावाल्याला, लॉजच्या गड्याला, वाचनालयातल्या गृहस्थाला विचारले की वेगळे उत्तर येते. बहुधा थोडे लाजत, ‘आमचे काय, साधेच’ अशा प्रस्तावनेने. त्या साधेपणाचा पत्ता विचारून घ्यावा आणि तेथे जेवावे. लेखकाने तर हे करायलाच हवे, कारण त्याला जेवून पुन्हा लिहायचे असते.

कुंदा जाताना अवश्य न्यावा. तो चांगला असतो, आणि शेजाऱ्यांची अपेक्षाही असते. मांडे मात्र हातचे हवे असतील तर दोन दिवस आधी सांगून ठेवावे लागतात, आणि परतीच्या गाडीत डबा वर फळीवर टाकून चालत नाही, मांडीवर धरून बसावे लागते.