वेताळाच्या कापलेल्या चौकटी

प्राथमिक स्रोत कोणता आणि दुय्यम कोणता, याच्या व्याख्या आपण पेट परीक्षेसाठी घोकतो. आता वर्ध्यात एखाद्या रद्दीवाल्याकडे इंद्रजाल कॉमिक्सचा जुना मराठी अंक तुमच्या हाती लागला, तर सांगा बरं, तो कशात बसतो?

ली फॉकचा वेताळ १७ फेब्रुवारी १९३६ पासून अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत रोज थोडा थोडा येऊ लागला. दिवसाला तीन-चार चौकटी. ज्याचा कालचा अंक चुकला त्याच्यासाठी सुरुवातीला थोडी उजळणी आणि शेवटी उद्याचं पान उघडायला लावणारा झटका. ही सगळी लय वर्तमानपत्राची. १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाने इंद्रजाल सुरू केलं, तेव्हा हीच गोष्ट ठरलेल्या पानांत बसवायची होती. मग चौकटी नव्याने रचल्या, काही छाटल्या, काही सरळ गाळल्या. फॉकचं बंगालासुद्धा तिथे डेंकाली झालं!

त्यामुळे इंद्रजालमधला वेताळ धापा टाकत पळतो. वाचायला मजा येते, मलाही येते. पण त्यावरून ‘फॉकची कथनशैली वेगवान आहे’ असं प्रबंधात लिहिलंत, तर तुम्ही संपादकाची कात्री मोजताय, फॉक नाही. आमच्या प्रयोगशाळेच्या भाषेत सांगायचं तर हा प्रक्रिया केलेला डेटा आहे, कच्चा नव्हे.

मात्र तुमचा प्रश्न ‘सत्तरच्या दशकातल्या मराठी मुलांनी काय वाचलं?’ असा असेल, तर तोच कापलेला अंक प्राथमिक स्रोत ठरतो आणि अमेरिकेतली मूळ पट्टी मागे पडते. कागद तोच, प्रश्न बदलला. गाईडसमोर जाण्याआधी एवढं वहीत लिहून ठेवा.

‘चिंटू’चं तसं नाही. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची ही चित्रमालिका १९९१ मध्ये ‘सकाळ’मध्ये सुरू झाली. तिचा विनोद त्या-त्या दिवशीच संपतो, म्हणून पुस्तकात जाताना कथा तुटत नाही. सलग वाचताना हरवतो तो दिवस: परीक्षेच्या तोंडावर वाचलेली परीक्षेची पट्टी वेगळीच लागते.

जमवताना मुखपृष्ठ फाटलेला अंकही घ्या, पण क्रमांक आणि तारीख सापडली तर लगेच पेन्सिलीने नोंदवा. पाकिटावर लिहा, अंकावर नको. आणि हो, न्यूजप्रिंटमध्ये लिग्निन असतं, उन्हाने ते पिवळं पडतं. आपल्याकडच्या मे महिन्यात तरी हे गठ्ठे गच्चीवरच्या खोलीत ठेवू नका.