निर्बंधाधिष्ठित तर्क-आज्ञावली : एक चिकित्सा

जटिल निर्णयप्रश्नांत ‘काय हवे’ एवढेच सांगावे आणि ‘कसे शोधावे’ हे यंत्रावर सोपवावे, ही निर्बंधाधिष्ठित तर्क-आज्ञावलीची मूळ प्रतिज्ञा होय. जोक्सन जाफर व झाँ-लुई लासे यांनी १९८७ साली तिला सैद्धांतिक अधिष्ठान दिले. प्रोलॉग भाषेतील एकरूपीकरणाच्या जागी त्यांनी विशिष्ट क्षेत्रातील निर्बंधांची सोडवणूक ठेवली. तरीही तर्काचा अर्थ अबाधित राहतो, हे त्यांचे खरे यश.

या पद्धतीचे सामर्थ्य निर्विवाद आहे. ‘सेंड’ अधिक ‘मोर’ बरोबर ‘मनी’ हे प्रसिद्ध अक्षरगणित घ्या. आठ अक्षरांना भिन्न अंक देण्याचे १८,१४,४०० प्रकार संभवतात. परंतु निर्बंधांच्या प्रसरणाने एकही अंदाज न करता एम = १, ओ = ० व एस = ९ हे निश्चित होते. आधी छाटणी व मग शोध, हा क्रम येथे फलदायी ठरतो.

तथापि ‘कसे’ हा प्रश्न खरोखर सुटतो काय? तीन व्याख्याने दोन तासिकांत बसवावयाची आहेत, असे समजा. ‘पहिले दुसऱ्याहून भिन्न’ अशा जोडीजोडीच्या विधानांतून प्रसरणास विसंगती दिसत नाही, कारण प्रत्येक जोडी स्वतंत्रपणे शक्य असते. ‘तिन्ही परस्परभिन्न’ असे एकच विधान केल्यास, झाँ-शार्ल रेजँ यांच्या १९९४ च्या रीतीने ती तत्काळ उघड होते. दोहोंचा अर्थ एक, परंतु वर्तन निराळे. म्हणजे मांडणीतच नियंत्रण दडलेले असते. ते नाहीसे झालेले नसते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. परस्परविरोधी मागण्या एकत्र आल्या की मूळ प्रणाली केवळ ‘नाही’ म्हणते. कोणती मागणी सोडावी, हे सांगत नाही. ॲलन बॉर्निंग प्रभृतींनी निर्बंधांची उतरंड कल्पून यावर उपाय सुचविला. पण अध्यापकाची सोय वरच्या पायरीवर ठेवावी की दुरून येणाऱ्या विद्यार्थ्याची, हा तर्काचा नव्हे, मूल्यांचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर प्रतिमान रचणाराच देतो, आणि पुष्कळदा नकळत देतो.

म्हणून या पद्धतीचे मोल ती निर्णय घेते यात नाही; निर्णयामागील गृहीते ती वाचता येतील अशा विधानांत मांडावयास लावते, यात आहे. अभ्यासकाने उत्तराबरोबर प्रत्येक निर्बंधाचे समर्थनही लिहून ठेवावे. ते नसेल, तर यंत्राने दिलेली निर्दोष उकल ही कोणाच्या तरी अघोषित पसंतीची मोहोर तेवढी ठरेल.