पुढचा भाग कधी?

मराठी लेखकाला वाचक पूर्वी पोस्टाने भेटायचा. दिवाळी अंकात कथा आली की महिन्याभराने पत्रं यायला लागायची, तीही बहुधा संपादकाच्या पत्त्यावर. कथाकार जी. ए. कुलकर्णी धारवाडात राहून सभा-समारंभ टाळत राहिले. पत्रं मात्र त्यांनी इतकी लिहिली की मागाहून त्यांचे खंड निघाले. लेखक-वाचकांमधलं ते अंतर दोघांनाही मानवत होतं. शिवाय मध्ये संपादक बसलेला असायचा. ‘सत्यकथा’ मासिकाचे राम पटवर्धन कथा परत पाठवत, पुन्हा लिहायला लावत. ‘सत्यकथे’च्या या सोवळेपणावर चिडून १९६९ साली तरुण लेखकांनी अंकाची होळी केली. पुढे १९८२ मध्ये मासिकच बंद पडलं.

इंटरनेटने संपादकाला घालवलं, असं सरसकट म्हटलं जातं. मला ते अर्धंच खरं वाटतं. ती खुर्ची रिकामी राहिलीच नाही, वाचक तिच्यावर जाऊन बसला. पुढचा भाग मागणं, चुका दाखवणं, पाठ थोपटणं ही सगळी कामं त्याने अंगावर घेतली. ‘साभार परत’ एवढं मात्र घेतलं नाही.

याचा फायदा आधी माहितीपर आणि अनुभवपर गद्याला झाला. ‘मायबोली’ हे मराठी संस्थळ १९९६ साली अमेरिकेतून सुरू झालं, मागून ‘मनोगत’, ‘मिसळपाव’ आले. कुणी किल्ल्यावर लिहावं, कुणी आजीच्या पद्धतीच्या लोणच्यावर, आणि खाली जाणकारांनी तुटून पडावं: दरवाजा तो नव्हे, अलीकडचा, मोहरी अशी नव्हे, फेसून घाला. लेखक त्याच रात्री मजकूर दुरुस्त करायचा. छापील मासिकात चूकभूल पुढच्या अंकात कोपऱ्यात छापून यायची, तीही नशीब असेल तर. परदेशात स्थायिक झालेल्यांचं, साहित्यिक म्हणून कधीच मिरवलं नसतं अशा माणसांचं नितळ गद्य इथे घडलं. मराठी समीक्षेने त्याची म्हणावी तशी दखल घेतलेली नाही.

कथेचं तसं झालं नाही. क्रमशः लेखन आपल्याला नवं नाही. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी त्यांच्याच ‘करमणूक’ साप्ताहिकातून हप्त्याहप्त्याने आली. पण पुढचा हप्ता लिहिताना वाचक हरिभाऊंच्या खांद्यावरून डोकावत नव्हता. आता डोकावतो. मराठी संस्थळांवर त्याच्या उतावीळपणाला ‘पुभाप्र’ असा सुटसुटीत शिक्काच मिळाला: पुढील भागाच्या प्रतीक्षेत. बंगळुरूहून २०१४ पासून चालणाऱ्या ‘प्रतिलिपी’ या कथांच्या मंचावर तर याच उतावीळपणावर सगळा डोलारा उभा आहे. तिथल्या एखाद्या लोकप्रिय मालिकेचा कुठलाही भाग उघडा. नायिका दार उघडते, समोर कोण आहे ते पाहून हातातला ट्रे पडतो, भाग संपला. खाली तारे, स्टिकर आणि ‘ताई, लवकर टाका ना’. पुढच्या भागात दारात भलताच कुणी निघतो आणि खरा प्रसंग आणखी चार भाग लांबतो. लग्न ठरतं, मोडतं, पुन्हा ठरतं. शेवट करायला कुणीच मोकळं नाही, कारण शेवट झाला की वाचक उठून दुसऱ्या मालिकेत जाणार.

तरी या लेखनाला नाकं मुरडणं मला पटत नाही. घरकाम आटोपून मोबाइलवर लिहिणाऱ्या कितीतरी बायकांना इथे पहिल्यांदा वाचक मिळाला. ‘सत्यकथे’चा उंबरठा त्यांनी ओलांडला असता असं मला वाटत नाही, आणि तो दोष त्यांचा एकट्यांचा नव्हे. माझी तक्रार वेगळी आहे: त्यांच्यातल्या खऱ्या ताकदीच्या लेखिकेला ‘हा भाग फाडून टाक’ असं सांगणारं तिथे कुणी नाही.

व्हॉट्सअ‍ॅपविषयी फार लिहायला नको. तिथे वाचकच प्रकाशक झाला आणि त्याने पहिल्यांदा लेखकाचं नाव काढून टाकलं, नाहीतर त्याजागी दुसऱ्याचं चिकटवलं. पु. ल. देशपांडे २००० साली गेले. व्हॉट्सअ‍ॅपवर ते अजून दर आठवड्याला लिहितात, आणि बरेचदा फार वाईट लिहितात.

मला जास्त काळजी वाटते ती पुस्तकांवरच्या लेखनाची. फेसबुकवर वाचक पुस्तकाचा फोटो टाकतो, लेखकाला टॅग करतो, दोन परिच्छेद लिहितो. तासाभरात लेखक येऊन हात जोडतो, प्रकाशक बदाम देतो, लेखकाची मित्रमंडळी ‘मागवतोच’ म्हणून जातात. हजार-अकराशे प्रतींची आवृत्ती खपवायची धडपड करणाऱ्या लेखकाला हे हवंच असतं, त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण लेखक असा मांडीला मांडी लावून बसलेला असताना, कादंबरीचा उत्तरार्ध फसला आहे हे लिहायला हात धजत नाही. मग तेवढं वाक्य गाळलं जातं. ते फोनवर बोललं जातं, प्रकाशन समारंभाच्या चहापाशी बोललं जातं, आणि लेखक सोडून सगळ्यांच्या कानी पडतं.