चित्रगुंडाळीपासून मंगापर्यंत : जपानी दृश्यपरंपरेच्या वंशावळीची चिकित्सा

प्रस्तावना

जपानच्या दृश्यसंस्कृतीचा इतिहास सांगताना बहुधा एक सरळ रेषा आखली जाते. बाराव्या शतकातील चित्रगुंडाळ्या, एदो काळातील (१६०३-१८६८) काष्ठमुद्रित चित्रे, होकुसाईचे रेखाटनसंग्रह आणि अखेरीस विसाव्या शतकातील मंगा, असे या रेषेवरील टप्पे मानले जातात. होसोकिबारा सेइकी यांनी १९२४ साली मंगाचा इतिहास लिहिताना ही परंपरा थेट मध्ययुगापर्यंत मागे नेली. विख्यात चित्रपट-दिग्दर्शक ताकाहाता इसाओ यांनीही १९९९ साली बाराव्या शतकातील गुंडाळ्यांमध्ये चलच्चित्राची तत्त्वे शोधणारा ग्रंथ सिद्ध केला. ही वंशावळ आकर्षक आहे. परंतु ती कितपत ग्राह्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

गुंडाळी : साम्य आणि अंतर

मंगाचा आद्य पूर्वज म्हणून क्योतोच्या कोझान-जी या मठाशी निगडित 'चोजू-गिगा' या चार गुंडाळ्यांचा निर्देश होतो. ससे, बेडूक व माकडे यांच्या माणसासारख्या लीला त्यांतील पहिल्या गुंडाळीत केवळ शाईच्या रेषेने साकारल्या आहेत. तोबा सोजो या भिक्षूकडे दिले जाणारे त्यांचे कर्तृत्व आज संशयास्पद मानले जाते. रेषेची चपळता व विनोद या बाबतींत मंगाशी साम्य जाणवते, हे खरे; मात्र या चित्रांत शब्द नाहीत, चौकटी नाहीत आणि संवादही नाहीत. 'बान दाइनागोन' या गुंडाळीत एकाच दृश्यात तीच पात्रे पुनःपुन्हा दाखवून मुलांचे भांडण कसे पेटत गेले, हे सांगितले आहे. काळ दाखविण्याची ही युक्ती विलक्षण आहे. पण तिचा मार्ग चौकटीच्या मार्गाहून मूलतः वेगळा आहे. गुंडाळीत काळ अखंड वाहतो. मंगामध्ये तो तुकड्यातुकड्यांनी कापला जातो आणि दोन चौकटींमधील रिकामी जागा वाचकाने भरून काढायची असते. शिवाय, दरबार आणि मठ यांच्या परिघात राहिलेल्या या कलाकृती सामान्य वाचकाच्या हाती कधी पडल्याच नव्हत्या.

शब्द एक, अर्थ दोन

दुसरा आधार नामसाम्याचा आहे. 'होकुसाई मंगा'चा पहिला खंड १८१४ साली नागोया येथे प्रसिद्ध झाला आणि होकुसाईच्या निधनानंतर (१८४९) कित्येक वर्षांनी, १८७८ साली, पंधरावा व अखेरचा खंड निघाला. येथे 'मंगा' म्हणजे मनमोकळी, सुचेल तशी काढलेली रेखाटने. चित्रकला शिकणाऱ्यांना नमुने पुरविणारा हा संग्रह असून त्यात सलग कथानक नाही. केवळ नावावरून त्यास आधुनिक मंगाचा जनक ठरविणे ही तर्कदृष्ट्या सदोष भूमिका होय.

त्या मानाने 'किब्योशी' या पिवळ्या वेष्टनाच्या पुस्तिकांचा दावा अधिक बळकट आहे. १७७५ साली कोइकावा हारुमाची यांच्या पुस्तिकेपासून या प्रकाराचा आरंभ मानतात. यांत मजकूर चित्राच्या मोकळ्या जागेतच, पात्रांच्या शेजारी कोरलेला असे. निद्रिस्त नायकाचे स्वप्न फुग्याच्या आकारात दाखविले जाई. तथापि कान्सेइ सुधारणांच्या काळात शासनाने अशा लेखनावर अंकुश ठेवला. १७९१ साली सान्तो क्योदेन या लेखकास, त्याच्या अन्य प्रकारच्या पुस्तकांसाठी, पन्नास दिवस हातकड्यांची शिक्षा झाली. उपरोधाची धार बोथट झालेला हा प्रकार एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मागे पडला.

परकीय प्रभावाचे वास्तव

आधुनिक मंगाची जडणघडण बंदरांत व वृत्तपत्रांत झाली. चार्ल्स वर्गमन या इंग्रज चित्रकाराने १८६२ साली योकोहामा येथे 'जपान पंच' काढले व त्यावरून व्यंगचित्रास 'पोन्ची' हा शब्द रूढ झाला. 'मंगा' हा शब्द आजच्या अर्थाकडे वळविणारे कितझावा राकुतेन यांनी १९०५ साली 'तोक्यो पक' सुरू केले. त्याचे नावच अमेरिकन नियतकालिकावरून घेतलेले होते. संवादाचे फुगे असलेल्या मालिका १९२३ पासून जपानी वृत्तपत्रांत रुळू लागल्या. त्यांत अमेरिकन मालिकांची भाषांतरेही होती. तेझुका ओसामू यांच्या 'शिन ताकाराजिमा' (१९४७) या पुस्तकातील गतिमान दृश्यरचनेमागे चित्रपटाचे, विशेषतः डिस्ने यांच्या चलच्चित्रांचे संस्कार आहेत.

मग परंपरा कोठे आहे ?

यावरून मंगा ही केवळ आयात वस्तू आहे, असा निष्कर्ष काढणेही तितकेच एकांगी ठरेल. सातत्य आहे, पण ते रेषेपेक्षा वाचनव्यवहारात अधिक आहे. चित्रकार, कोरक्या, छापणारा आणि भांडवल घालणारा प्रकाशक यांच्या श्रमविभागणीवर एदो काळातील मुद्रणव्यवसाय उभा होता. १८०८ साली एकट्या एदो शहरात पुस्तके भाड्याने देणारे साडेसहाशेहून अधिक व्यावसायिक होते. युद्धोत्तर काळातही भाड्याच्या पुस्तकांच्या दुकानांनीच गरीब वाचकापर्यंत मंगा पोहोचविला.

मिझुकी शिगेरू (१९२२-२०१५) यांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. रस्त्यावर चित्रे दाखवून कथा सांगण्याच्या 'कामिशिबाई' या व्यवसायासाठी चित्रे काढून त्यांनी आरंभ केला. नंतर ते भाड्याच्या पुस्तकांकडे व पुढे साप्ताहिकांकडे वळले. आपल्या भुताखेतांच्या आकृतींसाठी त्यांनी तोरियामा सेकिएन यांच्या १७७६ सालच्या सचित्र ग्रंथाचा आधार घेतला. येथे परंपरा आपोआप वाहत आलेली नाही. एका कलावंताने ती जाणीवपूर्वक शोधून स्वीकारली आहे.

निष्कर्ष

सरळ वंशावळीचा आग्रह निरुपद्रवी नाही. १९५५ च्या सुमारास जपानमध्ये 'वाईट पुस्तकां'विरुद्ध मोहीम झाली. मंगा हे तिचे प्रमुख लक्ष्य होते आणि काही ठिकाणी पुस्तके जाळलीही गेली. २००७ साली त्याच देशाच्या परराष्ट्र मंत्रालयाने आंतरराष्ट्रीय मंगा पुरस्कार स्थापन केला. तिरस्कृत कलेला प्रतिष्ठा देताना प्राचीन कुळाचा दाखला उपयोगी पडतो. परंतु त्यामुळे स्वस्त कागदावरील पुस्तके, भाड्याची दुकाने व रस्त्यावरील कथेकरी हे तिचे खरे पालक विस्मृतीत जातात. दुसरीकडे 'चोजू-गिगा'सारखी स्वयंपूर्ण कलाकृती केवळ 'पहिला मंगा' म्हणून पाहिली जाते व तिचे स्वतःचे मोल झाकोळते. म्हणूनच कोणते चित्र कोणत्या चित्रासारखे दिसते, या प्रश्नाबरोबरच ते कोणी छापले, कोणी विकत वा भाड्याने घेतले आणि कसे वाचले, हे प्रश्नही दृश्यसंस्कृतीच्या इतिहासकाराने विचारणे आवश्यक आहे. रूपसाम्य हा शोधाचा आरंभ असू शकतो. तो पुरावा मात्र नव्हे.