वज्जींचे सात नियम आणि वळसंगची विहीर

ग्रामपंचायतीच्या निवडणुका पार पडल्या की नवनिर्वाचित सदस्यांचे सत्कार होतात. पाठोपाठ एखाद्या विहारात किंवा समाजमंदिरात एक दिवसाचे नेतृत्व-प्रशिक्षण शिबिर भरते. त्रिसरण-पंचशील होते, आणि मग महापरिनिब्बान सुत्तातील वज्जींच्या सात अपरिहानिय धम्मांवर एक व्याख्यान होते. हे स्वागतार्हच आहे. लोकप्रतिनिधींची जडणघडण करताना आपले कार्यकर्ते तथागतांच्या वचनांकडे वळतात, ही चळवळीची कमाई होय. परंतु हे सुत्त आपण नीट वाचतो काय, असा प्रश्न आम्हांस पडतो. शिबिरांतून जे सांगितले जाते त्यावरून तरी उत्तर नकारार्थी द्यावे लागते. सुत्तातील एकच शब्द उचलावयाचा आणि बाकीचे अवघड प्रश्न सोडून द्यावयाचे, अशी आपली रीत होऊन बसली आहे. या लेखात त्या रीतीची तपासणी करण्याचा आमचा हेतू आहे.

प्रसंग सर्वपरिचित आहे. मगधराज अजातशत्रूला वज्जींवर स्वारी करावयाची होती. त्याने आपला अमात्य वस्सकार ब्राह्मण यास राजगृहातील गृध्रकूट पर्वतावर भगवंतांकडे पाठविले. भगवंतांनी वस्सकारास सरळ उत्तर न देता पाठीशी उभ्या असलेल्या आनंदास सात प्रश्न विचारले. वज्जी वारंवार सभा भरवितात काय? समग्र होऊन जमतात, समग्र होऊन उठतात व समग्र होऊन कार्य करतात काय? जे विहित नाही ते विहित न करता आणि जे विहित आहे त्याचा उच्छेद न करता जुन्या वज्जिधर्माप्रमाणे वागतात काय? वृद्धांचा मान राखतात काय? कुलस्त्रिया व कुलकुमारी यांच्यावर जबरदस्ती करीत नाहीत ना? चैत्यांचा आदर करतात काय? अर्हतांचे रक्षण करतात काय? आनंदांनी प्रत्येक प्रश्नास होकार दिला. वस्सकार उमगला की वज्जींना युद्धाने जिंकता येणार नाही. त्यांच्यात फूट पाडावी लागेल.

आपल्या शिबिरांत या साऱ्याचे सार 'एकजूट ठेवा' एवढ्या दोन शब्दांत सांगितले जाते. 'समग्ग' या पालि शब्दाचे भाषांतर आपण 'एकजुटीने' असे करतो आणि त्यातून अर्थ काढतो की नेत्याच्या मागे सर्वांनी मुकाट्याने उभे राहावे, मतभेद चव्हाट्यावर आणू नयेत. विनयपिटकात या शब्दाचा जो प्रयोग आहे त्याच्याशी हा अर्थ जुळत नाही. संघाचे कर्म 'समग्र' केव्हा म्हणावे, याच्या तीन अटी तेथे आहेत. ज्या भिक्खूंचा त्या कर्मात हक्क आहे ते सर्व आलेले असले पाहिजेत. जे येऊ शकत नाहीत त्यांची संमती, म्हणजे 'छंद', आणलेली असली पाहिजे. आणि उपस्थितांपैकी कोणी हरकत घेतलेली नसली पाहिजे. यांपैकी एक अट जरी मोडली तरी ते कर्म 'वग्ग', म्हणजे अपुरे, ठरते. म्हणजे समग्रता ही संख्येची व संमतीची पूर्णता आहे. नेत्याच्या आज्ञेपुढील शांतता नव्हे. एका भिक्खूची हरकत संघाला थांबवू शकते, हे तिचे मर्म आहे.

महावग्गातील उपोसथाच्या प्रकरणात याचा एक मोठा हृद्य दाखला आहे. एखादा भिक्खू आजारी असेल तर त्याने आपली परिशुद्धी दुसऱ्याबरोबर कळवावी. तेही शक्य नसेल तर त्याला मंचकासह सभेत आणावे. त्याला हलविल्याने दुखणे वाढेल असे वाटले तर संघानेच त्याच्याकडे जाऊन तेथे उपोसथ करावा; परंतु अपुऱ्या संघाने उपोसथ करू नये. आता आपल्या गावाकडे पाहावे. राखीव जागेवर निवडून आलेली भगिनी सभेस येत नाही, किंवा तिला येऊ दिले जात नाही. मग सभेची नोंदवही तिच्या घरी पाठविली जाते आणि चुलीपाशी तिची सही किंवा अंगठा घेतला जातो. संघ आजाऱ्याकडे आपली सभा घेऊन जात होता. आपण भगिनीकडे केवळ वही घेऊन जातो. या दोहोंतील अंतर जेवढे, तेवढे आपण 'समग्ग' या शब्दापासून दूर आहोत. आणि हा दोष केवळ सवर्ण वस्तीचा नाही. आपल्या वस्तीतही 'सरपंचपती' आहेत, आणि धम्माच्या व्यासपीठावर त्यांचेच सत्कार होतात.

याहून अवघड आहे तो तिसरा नियम. आमच्या मते शिबिरांतून सर्वांत अधिक टाळला जातो तो हाच. जे विहित नाही ते विहित करू नये, जे विहित आहे ते मोडू नये, जुन्या धर्माप्रमाणे वागावे, असे तो सांगतो. वाच्यार्थ घेतला तर हा नियम बाबासाहेबांच्या अनुयायांना स्वीकारताच येणार नाही. सोलापूर-अक्कलकोट मार्गावर, दक्षिण सोलापूर तालुक्यात, मराठी व कानडी या दोन्ही भाषा बोलणाऱ्या मुलुखात वळसंग हे गाव आहे. तेथील विहीर 'बाबासाहेबांची विहीर' म्हणून जपली जाते. गावच्या पाणवठ्यावर ज्यांना हक्क नव्हता त्यांनी ती स्वतःच्या श्रमाने खोदली, आणि १९३७ साली बाबासाहेब तेथे आले. जुनी वहिवाट हाच धर्म मानला असता तर वळसंगची विहीर खोदलीच गेली नसती. महाडच्या चवदार तळ्याचा १९२७ सालचा सत्याग्रह झाला नसता. मग तथागतांनी वज्जींच्या जुन्या रूढीची प्रशंसा केली, असे म्हणावयाचे काय?

या प्रश्नाचे उत्तर त्याच सुत्ताच्या अखेरीस आहे. महापरिनिर्वाणापूर्वी भगवंतांनी आनंदास सांगितले की संघाची इच्छा असल्यास माझ्या पश्चात त्याने क्षुद्र व अनुक्षुद्र शिक्षापदे रद्द करावीत. ज्या शास्त्याने नियम घालून दिले त्यानेच ते बदलण्याचा अधिकार संघाला दिला. म्हणजे तिसऱ्या नियमाचा रोख रूढी अमर ठेवण्याकडे नसून मनमानीला आळा घालण्याकडे आहे. नियम बदलावयाचा तर तो सभेने, रीतीने आणि उघडपणे बदलावा; बलिष्ठाने आपल्या सोयीसाठी रातोरात बदलू नये. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी ज्या संवैधानिक नीतिमत्तेचा आग्रह धरला ती याहून वेगळी नाही. त्याच भाषणात त्यांनी भारतीय खेड्याच्या गौरवीकरणावर कठोर टीका केली, आणि त्याआधी १९३२ साली मुंबई विधिमंडळात ग्रामपंचायत विधेयकाच्या चर्चेत अस्पृश्यांच्या प्रतिनिधित्वाचा प्रश्न उभा केला, हेही ध्यानी ठेवले पाहिजे. ज्या गावात आपली वहिवाट जुलमाची आहे तेथे आपला आधार वहिवाट नव्हे. विहित कायदा होय. तिसरा नियम आपण असा वाचला तर तो वळसंगच्या विहिरीच्या विरुद्ध न जाता तिच्या बाजूने उभा राहतो.

तरीही एक मर्यादा प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. वज्जींचे गणराज्य हे क्षत्रिय कुलांचे गणराज्य होते. त्याच्या संथागारात दास, कर्मकर व स्त्रिया यांना आसन नव्हते. पाचवा नियम स्त्रीला बळजबरीपासून वाचवितो. सभेत बसवीत नाही. तेव्हा केवळ वज्जींच्या सात नियमांवर सर्वसमावेशक शासनाची इमारत उभी राहणार नाही. त्यासाठी कूटदंत सुत्ताकडे जावे लागते. तेथे राज्यातील लूटमार थांबविण्यासाठी शिक्षेचा धाक पुरणार नाही असे सांगून शेतकऱ्यास बी-बियाणे, व्यापाऱ्यास भांडवल आणि सेवकास वेतन देण्याचा मार्ग सुचविला आहे. शिवाय भिक्खुनी संघ स्थापून तथागतांनी जे दार उघडले ते वैशालीच्या संथागाराने कधीच उघडले नव्हते. प्रशिक्षणात सात नियम सांगावेत, परंतु ही उणीवही सांगावी. धम्मग्रंथाची चिकित्सा केल्याने धम्माचा उपमर्द होत नाही. चिकित्सा ही धम्माचीच शिकवण आहे.

सुत्तात पुढे भगवंत भिक्खुसंघालाही सात नियम सांगतात, आणि तेथे एक अर्थपूर्ण बदल आढळतो. वज्जींच्या यादीत जेथे स्त्रियांवरील जबरदस्तीचा निषेध आहे, तेथे संघाच्या यादीत पुनर्भवास कारण होणाऱ्या तृष्णेच्या आहारी न जाण्याचा नियम आहे. बाहेरील बळजबरीची जागा आतील तृष्णेने घेतली आहे. सत्तेवर बसणाऱ्याने दुसऱ्यावर जबरदस्ती करू नये हे खरेच; पण ती जबरदस्ती ज्या तृष्णेतून उपजते तिची ओळख त्याला करून दिली नाही तर सारे प्रशिक्षण वरवरचे राहते.

विनयाने ही ओळख अत्यंत व्यवहारी रीतीने करून दिली आहे. वाद मिटत नसेल तेव्हा शलाका वाटून बहुमत घ्यावे आणि शलाका गोळा करणारा भिक्खू पाच गुणांनी युक्त असावा, असे चुल्लवग्गात सांगितले आहे. तो छंदाने, द्वेषाने, मोहाने वा भयाने वाहवत जाणारा नसावा, आणि कोणती शलाका घेतली गेली व कोणती नाही हे जाणणारा असावा. या चार अगतींची यादी प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावण्याजोगी आहे. नळाची जोडणी आपल्या भावकीला आधी देणे ही छंदाची अगती. विरोधकाचा दाखला अडवून ठेवणे ही द्वेषाची. अंदाजपत्रक न वाचता हात वर करणे ही मोहाची. आणि जमीनदाराच्या बांधावर मजुरीला जावे लागते म्हणून ग्रामसभेत तोंड न उघडणे ही भयाची. पाचवा गुण तर निव्वळ कारभाराचा आहे: मोजदाद अचूक यावी.

येथे संघाच्या रीतीतील आणखी एका गोष्टीचा विचार केला पाहिजे. संघात ज्ञप्ती मांडली जाई, महत्त्वाच्या कर्मात तीन वेळा विचारणा होई, आणि मौन ही संमती मानली जाई. ही रीत जशीच्या तशी ग्रामसभेत आणली तर अनर्थ होईल. ज्याने घर, जात व मालमत्ता सोडली आहे अशा समानांच्या संघात मौनाचा अर्थ संमती होतो. ज्याची भाकर दुसऱ्याच्या हाती आहे त्याच्या मौनाचा अर्थ भय होतो. म्हणून आपल्या प्रशिक्षणाचा पहिला धडा भाषणाचा नसून हरकतीचा असावा. ती कशी नोंदवावी, इतिवृत्तात कशी लिहून घ्यावी, नकार कसा सही करून द्यावा, हे शिकविले पाहिजे.

बाबासाहेबांना या प्रशिक्षणाची निकड किती वाटत होती, याची साक्ष १९५६ साल देते. त्या वर्षीच्या जुलै महिन्यात त्यांनी मुंबईत राजकारणात प्रवेश करू इच्छिणाऱ्यांसाठी 'ट्रेनिंग स्कूल फॉर एन्ट्रन्स टू पॉलिटिक्स' ही प्रशाला सुरू केली. संचालक ते स्वतः होते; प्राचार्यपद श्री. एस. एस. रेगे यांच्याकडे होते. पहिल्या तुकडीत १५ विद्यार्थी होते. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले आणि मार्च १९५७ नंतर ती प्रशाला चालली नाही. धम्मदीक्षेचे आणि या प्रशालेचे वर्ष एकच, ही गोष्ट आम्हांस केवळ योगायोग वाटत नाही. दीक्षाभूमीचा वारसा आम्ही लाखोंच्या संख्येने सांभाळला. त्या १५ जणांच्या वर्गाचा वारसा मात्र कोणी सांभाळला नाही. आपण वक्ते पुष्कळ घडविले; सभासद घडविले नाहीत.

आज ही उणीव अधिक जाणवते. २४ एप्रिल १९९३ पासून ७३वी घटनादुरुस्ती अंमलात आली. अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात, तर महिलांना किमान एक-तृतीयांश जागा मिळाल्या, आणि महाराष्ट्राने २०११ साली महिलांचा वाटा निम्म्यावर नेला. शासकीय प्रशिक्षणही होते. पुण्याच्या यशदासारख्या संस्था त्या कामी आहेत. परंतु तेथे मुख्यतः योजना व नमुने शिकविले जातात; चार अगती शिकविल्या जात नाहीत. आणि आपल्या शिबिरांत शील शिकविले जाते, पण ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाच्या १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी व १० टक्के महिला-बालकल्याणासाठी खर्च करावयाची असते, ती गेल्या वर्षी कोठे खर्ची पडली, हे विचारावयास शिकविले जात नाही. शीलाविना कारभार आणि कारभाराविना शील, दोन्ही पांगळेच. प्रज्ञा, शील व करुणा यांची फारकत करून नेतृत्व घडत नसते.

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रत्येक विहाराने उपोसथाच्या दिवशी, वंदना झाल्यावर, आपल्या गावच्या ग्रामसभेची विषयपत्रिका वाचावी. निवडून आलेल्या भगिनीने ती स्वतः वाचून दाखवावी आणि उपस्थितांनी तिला प्रश्न विचारावेत. आपल्या माणसाला प्रश्न विचारणे म्हणजे फूट पाडणे, हा समज आधी सोडावा. अट्ठकथा सांगते की वस्सकाराने वैशालीत भांडणे लावली नाहीत. त्याने लिच्छवींना एकेकट्याला बाजूस घेऊन कानगोष्टी सुरू केल्या आणि संशय पेरला. शेवटी सभेची दुंदुभी वाजली तेव्हा कोणीच जमले नाही. गणराज्य बुडाले ते उघड प्रश्नांनी नव्हे, तर न विचारलेल्या प्रश्नांनी.

वळसंगच्या विहिरीला वंदन करण्यास अनुयायी येतात, त्यांनी यावेच. परंतु ती विहीर खोदणाऱ्यांनी आधी एक प्रश्न विचारला असला पाहिजे: हे पाणी आमचे का नाही? त्या प्रश्नाला वंदन करावयाचे असेल तर तो ग्रामसभेत पुन्हा विचारावा लागेल. कधी पाण्याविषयी, कधी अंदाजपत्रकाविषयी, आणि कधी आपल्याच माणसाला.